पावसाची वही शाळेत गेली पाहिजे

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत कापसाचा भाव, विमा, कर्ज हे विषय आहेत. त्यात मी शाळामास्तरांच्या प्रशिक्षणाचा विषय घेऊन उभा राहिलो, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणाले, "इथे शेतकऱ्यांचे आटपेना आणि हे गुरुजींचे घेऊन आले." त्यांचे चुकले नाही. मीही पाच वर्षांपूर्वी तेच म्हणालो असतो. मी शेतकी कॉलेजचा पदवीधर. जमिनीचा पोत, बियाणे, खत हे माझे विषय. शाळेशी माझा संबंध मुलांची फी भरण्यापुरता.

मी कामाला असतो जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत, पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. तिथे कपाशीचे बोंड औषधालासुद्धा सापडायचे नाही. पण आंबेगावच्या पूर्वेला लोणी-धामणीकडे या, तुम्हाला घरी आल्यासारखे वाटेल. रब्बीची ज्वारी, पावसावरची शेती, उन्हाळ्यात टँकर. आणि त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला भीमाशंकर. तिथे वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस, भाताची खाचरे, हिरड्याची झाडे. पूर्वेला पाच-सहाशे मिलिमीटर पडला तर वर्ष बरे म्हणायचे. साठ-सत्तर किलोमीटरमध्ये एवढा फरक. मध्ये डिंभे धरण आणि कालव्याखालचा ऊस. एका तालुक्यात तीन देश.

एका मुलीचा प्रश्न

त्या पूर्व भागातल्या एका शाळेत मला जागतिक पर्यावरण दिनाच्या निमित्ताने बोलावले होते. भिंतीवर चित्रे लावलेली. हिमनदी वितळते आहे, पांढरे अस्वल बर्फाच्या तुकड्यावर उभे आहे, खाली लिहिले आहे, 'झाडे लावा, झाडे जगवा'. मुलांनी निबंध पाठ करून म्हणून दाखवले. मीही कर्ब वायू, तापमानवाढ, सगळे शिकवल्यासारखे बोललो. शेवटी विचारले, "कुणाला काही शंका?"

सातवीतली एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, पेपरात आलं होतं की यंदा सरासरीइतका पाऊस झाला. मग आमची ज्वारी का गेली?"

मी शेतकीचा पदवीधर, पण तिला पटेल असे उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही. मी म्हणालो, "पाऊस वेळेवर पडला नाही." ती म्हणाली, "मग सरासरी कशाला काढतात?"

त्या मुलीने पांढऱ्या अस्वलाबद्दल विचारले नाही. तिने बापाच्या ज्वारीबद्दल विचारले. आणि आम्ही तिला शिकवत होतो अस्वल. त्या दिवसापासून मला हा नाद लागला.

वेगळा तास नको

पर्यावरण शाळेत शिकवायचा हुकूम काही नवा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर तसा आदेश दिला, २००३ साली पुन्हा बजावले. आपल्या राज्यात परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा नावाचा विषय आहे. पुस्तके वाईट नाहीत. अडचण अशी की पर्यावरणाला वेगळा खण दिला की गणिताचे गुरुजी म्हणतात ते माझे काम नाही, इतिहासाच्या बाई म्हणतात ते विज्ञानवाल्यांचे, आणि विज्ञानवाले म्हणतात परीक्षेला त्याचे गुण किती?

यावर काम केलेली माणसे पुण्यातच आहेत. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षणाची केंद्रीय संस्था आहे. तिथून २०१७ पासून एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालला. त्याचे सूत्र असे की हवामान बदलाचा वेगळा विषय करू नका. गणिताच्या शिक्षकाने आपलेच गणित हवामानाच्या आकड्यांवर शिकवावे, रसायनाच्या शिक्षकाने आपलेच रसायन, अर्थशास्त्रवाल्याने आपलेच अर्थशास्त्र. त्यासाठी पाठ तयार केले आणि देशोदेशीच्या शिक्षकांना प्रशिक्षण दिले. सूत्र मला पटले. पण ते पाठ बहुतेक वरच्या वर्गांचे आणि कॉलेजचे, संगणकावर चालणारे. आमच्या दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग एका खोलीत बसतात आणि लाईट कधी येईल त्याचा भरवसा नाही. तिथे सूत्र तेच ठेवायचे, पण साधन आपल्या गावचे पाहिजे.

एक डबा आणि एक वही

आमच्या जुन्नर तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. विज्ञान दिनाला शाळांच्या सहली तिथे जातात. कोट्यवधी कोस दूरच्या ताऱ्यांचे संदेश आमच्या तालुक्यात ऐकू येतात. पण गावात काल किती पाऊस पडला हे विचारा, शाळेत कुणाला सांगता येत नाही.

म्हणून काही शाळांतल्या शिक्षकांबरोबर आम्ही एवढेच सुरू केले. सरळ कडांचा डबा, तळ सपाट, मोकळ्या अंगणात झाडापासून आणि भिंतीपासून लांब ठेवायचा. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याची जी वेळ तीच, पट्टीने पाणी मोजायचे, वहीत लिहायचे, डबा रिकामा करायचा. खर्च शंभर रुपयांच्या आत.

आता पाहा, या एका वहीवर सगळे वर्ग कसे बसतात.

पहिली-दुसरीची पोरे आजीला विचारून नक्षत्रे पाठ करतात. मृग, आर्द्रा, हस्त. कोणत्या नक्षत्रात काय पेरायचे, पूर्वी काय पेरत होते, आता काय पेरतात. हा भाषेचा पाठ.

तिसरी-चौथीची मुले डबा मोजतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हा परिसर अभ्यास.

पाचवी-सहावीत गुणाकार. एका एकरात सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एक मिलिमीटरला चार हजार लिटर. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की सरकार त्याला अतिवृष्टी म्हणते. एका एकरावर दोन लाख त्रेसष्ट हजार लिटर. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर एका दिवसात एका एकरात ओतले! बांध का फुटतो आणि वरची माती कुठे जाते, हे पोराला वेगळे सांगावे लागत नाही.

सातवीत सरासरी. समजा दोन्ही वर्षी सहाशे मिलिमीटर पाऊस पडला. एका वर्षी पन्नास दिवसांत विभागून, दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांत कोसळून, मध्ये महिनाभर खंड. सरासरी तीच. पण रब्बीची ज्वारी उभी राहते ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर. कोसळलेले पाणी नाल्यात गेले, ओल कुठली? त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे, गणिताच्या तासाला मिळते.

नववी-दहावीत विज्ञान. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते. म्हणून पाऊस पडला की जोरात पडतो. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्ब वायूचे २८० भाग होते, आज ४२० च्या वर गेले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणारी अतिवृष्टी १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाली. तो पट्टा दूरचा नाही. कापूस आणि ज्वारी करणाऱ्याने सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात नद्या शेतात शिरलेल्या पाहिल्या आहेत.

आणि इतिहासाच्या बाईही सुटत नाहीत. जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाण्याच्या टाक्या खडकात कोरलेल्या आहेत. शिलालेखात त्यांना पोढी म्हटले आहे. कुणी कोरून घेतल्या, दान कुणी दिले, तेही लिहून ठेवले आहे. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत. पाणी साठवल्याशिवाय या मुलुखात राज्य चालत नव्हते. तिथून १९७२ च्या दुष्काळापर्यंत आणि रोजगार हमीपर्यंत यायला बाईंना दोन तास पुरतात.

आता तुमचा विमा

तुम्ही म्हणाल, पोरे शिकतील, आम्हाला काय? म्हणून एक हिशेब सांगतो. पीक विम्यात उंबरठा उत्पन्न नावाची गोष्ट असते. मागच्या सात वर्षांचे मंडळाचे उत्पन्न घ्यायचे, त्यातली सर्वांत चांगली पाच वर्षे धरायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिचे सत्तर टक्के.

समजा ज्वारीचे हेक्टरी क्विंटल असे आले: १०, १२, ६, ११, ४, ९, ८. चांगली पाच म्हणजे १२, ११, १०, ९, ८. बेरीज पन्नास, सरासरी दहा, उंबरठा सात. यंदा पीक पाच क्विंटल आले, तर सातातले दोन कमी पडले. विमा रकमेच्या सातातले दोन भाग तुमचे.

आता त्या सातांतले आणखी एक वर्ष वाईट गेले. अकराच्या जागी पाच मांडा. १०, १२, ६, ५, ४, ९, ८. चांगली पाच म्हणजे १२, १०, ९, ८, ६. सरासरी नऊ, उंबरठा सहा पूर्णांक तीन. यंदा तेच पाच क्विंटल आले, तरी भरपाई घटली. सातांत दोन वाईट वर्षे हा हिशेब सोसतो. तिसरे आले की उंबरठाच खाली सरकतो. पूर्वी सातांत दोनदा दुष्काळ पडायचा. आता खंड, अतिवृष्टी, अवकाळी मिळून सातांत तीन-चार वर्षे बिघडायला लागली, तर विम्याचा हप्ता भरूनही हातात येणारे कमी होत जाणार. हवामान बदल म्हणजे हा. तो आपल्या सातबाऱ्यापाशी येऊन बसला आहे, आणि हे गणित सातवीच्या पुस्तकातल्या सरासरीच्या धड्यापलीकडचे नाही.

दुसरी गोष्ट मोजमापाची. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला, तेव्हा एकवीस दिवसांचा खंड धरून विम्याची पंचवीस टक्के अग्रिम रक्कम देण्याचा प्रश्न आला. कोणत्या मंडळात किती दिवस खंड, यावर गावोगाव भांडणे झाली. मंडळाला एक यंत्र, त्याखाली दहा-पंधरा गावे. यंत्राच्या गावाला सर आली, तुमच्या गावाला थेंब नाही, तरी कागदावर तुमचा खंड मोडला. आपण कचेरीत जाऊन काय सांगतो? "साहेब, आमच्याकडे पाऊस नव्हता." साहेब विचारतात, "किती नव्हता?" आपण गप्प.

शाळेच्या वहीला सरकारी पुराव्याची किंमत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. उद्या कुणी तुम्हाला तशी आशा दाखवली तर विश्वास ठेवू नका. पण दहा गावांच्या शाळांच्या रोजच्या नोंदी एका तारखेला, एका वेळेच्या, शिक्षकांच्या सहीच्या टेबलावर ठेवल्या, तर साहेबांना 'किती' हा प्रश्न विचारता येणार नाही. यंत्र कुठे बसवले, तपासा, दुसरे द्या, ही मागणी मग आकड्यावर उभी राहते.

दोष कुणाच्या पोटी

आणखी एक दुखणे आहे. शाळेत पर्यावरण शिकवताना नकळत शेतकऱ्याला आरोपी केले जाते. झाडे कुणी तोडली? शेतकऱ्याने. पाला कुणी जाळला? शेतकऱ्याने. पोरगी घरी येऊन बापाला म्हणते, तुमच्यामुळे पृथ्वी तापली. अरे, हिशेब तरी सांगा! आपल्या देशात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कर्ब वायू सुटतो, अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. आणि आपल्या देशाच्या त्या सरासरीतही कोरडवाहू शेतकरी खालच्या टोकाला असणार. ज्याने कमी बिघडवले, त्याचे पीक आधी जाते. हे भूगोलाच्या पुस्तकातल्या आकड्यांवरून नववीच्या मुलाला शिकवता येते. ते शिकले नाही तर पोरे गावाची लाज बाळगतील आणि शहराकडे पळतील.

पण उलटी चूकही नको. जे काही घडले ते हवामान बदलानेच घडले, असे शिकवणारा गुरुजी पोरांना फसवतो. आमच्या आंबेगावात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर गावावर आला. १५१ माणसे गेली. गाव दिसत नाही, हे पहिल्यांदा एसटीच्या चालकाच्या लक्षात आले. त्या दिवशी पाऊस मुसळधार होता हे खरे. पण डोंगरउतारावर जमीन सपाट करण्याचे काम, तुटलेली झाडे, अडलेले पाणी याकडेही जाणकारांनी बोट दाखवले. नऊ वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडी तशीच गेली. तिथल्या शिक्षकाने मुलांना कर्ब वायूचे सूत्र शिकवण्याआधी हे शिकवले पाहिजे की उतारावर भेग दिसली, झरा एकाएकी गढूळ झाला, झाडे-खांब कलले, तर घरच्यांना सांगायचे आणि जागा सोडायची. पाऊस आपल्या हातात नाही. उतारावर यंत्र लावायचे की नाही, हे गावाच्या हातात आहे. कोणते कारण किती, हे वेगळे करता येणे म्हणजेच विज्ञान.

गुरुजींना शिकवायचे कसे

आता मूळ मुद्दा. शिक्षक हे सगळे करतील का? त्यांच्या डोक्यावर मतदारयाद्या, ऑनलाईन माहित्या, सर्वेक्षणे. वर आपण नवा उपक्रम घेऊन गेलो तर ते दारातूनच नमस्कार करतील. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली. पंख्याखाली दिवसभर भाषण दिले, चित्रफिती दाखवल्या, चहा-बिस्किटे झाली. महिन्याने शाळेत गेलो तर काही नाही. एका बाईंनी तोंडावर सांगितले, "सर, तुम्ही आम्हाला माहिती दिलीत. धडा दिला नाहीत."

दुसऱ्या वर्षी पद्धत बदलली. केंद्रातल्या शिक्षकांची महिन्याला शिक्षण परिषद होते. नवीन बैठक नको, तीच धरली. प्रत्येकाने आपले पाठ्यपुस्तक आणायचे. त्यात आधीच असलेला एक धडा शोधायचा, सरासरीचा, आलेखाचा, पत्रलेखनाचा, कोणताही. त्यातली पुस्तकातली उदाहरणे काढून गावचे आकडे घालायचे. तिथेच तो पाठ बाकीच्या शिक्षकांसमोर घ्यायचा, चुका काढायच्या. भाषेच्या गुरुजींनी पत्रलेखनाला विषय दिला: 'पावसाच्या खंडाबद्दल तहसीलदारांस अर्ज'. पोरांनी लिहिलेले अर्ज आपण मोठी माणसे लिहितो त्यापेक्षा सरळ होते.

आणि प्रत्येक बैठकीला एक शेतकरी बसवायचा. भाषणाला नव्हे, प्रश्नांना उत्तरे द्यायला. मृगाला पेरले आणि पाऊस गेला तर दुबार पेरणीला किती लागले, बियाणे किती, मजुरी किती? गुरुजींना गणित येते, आपल्याला आकडे माहीत आहेत. दोघे एकत्र बसले की धडा होतो.

शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. गावातले काम हेच विज्ञानाचे पुस्तक, हे त्यांनी शाळांतून करून दाखवले. पाबळ कोरडवाहूच. तेव्हा हे आपल्या मुलुखात होत नाही असे कुणी सांगू नये.

बैठकीपुढे माझे म्हणणे

ठराव लांबलचक नको. चार गोष्टी करा.

एक, आपल्या गावच्या शाळेला डबा आणि वही आपण द्या. सरकारची वाट पाहू नका.

दोन, शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात त्याहून उशिरा. मृगाचा पाऊस सुट्टीत पडतो. सुट्टीत आणि रविवारी वही सांभाळायला गावातला एक शेतकरी नेमा. नाहीतर पेरणीचाच पाऊस वहीत नसेल.

तीन, शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. तिथे बसलेल्यांनी विचारा, पावसाची वही कुठे आहे, कोणत्या वर्गाने तिचे काय केले? गुरुजींवर डोळे वटारू नका. मदत काय हवी ते विचारा.

चार, ज्या शेतकऱ्याकडे जुन्या पेरणीच्या, उत्पन्नाच्या, खर्चाच्या नोंदी आहेत, त्याने त्या शाळेत नेऊन दाखवाव्यात. डायरी असेल, पंचांगावर लिहिलेले असेल, काहीही चालेल.

त्या मुलीचे सांगून थांबतो. ती आता दहावीला आहे. मागच्या हंगामात तिच्या वडिलांनी पहिल्या सरीनंतर तिफण बाहेर काढली. तिने वही आणून दाखवली. बाबा, सगळा मिळून एकवीस मिलिमीटर झाला आहे, ओल वीतभरसुद्धा गेली नाही. बाप थांबला. आठ दिवसांनी पेरले. पुढे पीक कसे आले ते मी मुद्दाम सांगत नाही, कारण एका वर्षाच्या पिकावरून काही सिद्ध होत नसते, हे तिनेच मला शिकवले. पण आपल्या घरात पेरणीचा निर्णय पहिल्यांदा आकडा बघून झाला, हे तिच्या बापाने मला सांगितले.

आपण पिढ्यान् पिढ्या आभाळाकडे बघून पेरत आलो. आभाळ बदलले आहे. आता आपल्या पोरांनी वहीतही बघायला शिकले पाहिजे, आणि ती शिकवणारी माणसे आपल्या गावात रोज सकाळी येतात. त्यांना जाऊन भेटा.